२०२१ : ‘बदली’ म्हणून विसरला गेलेला गोल्फपटू

७ ऑगस्ट २०२१ रोजी सकाळी, गोल्फची काठी कधी हातात न धरलेली मराठी माणसेही दूरचित्रवाणीसमोर बसली होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकापासून अवघ्या एका फटक्याने दूर राहिली, चौथी आली. त्याच कासुमिगासेकीच्या मैदानावर आठवडाभर आधी पुण्याचा उदयन माने चार फेऱ्या खेळून गेला होता. मराठी क्रीडास्मृतीत मात्र त्याची नोंद जवळपास नाही.

मानेला जागा ‘नशिबाने’ मिळाली, असा युक्तिवाद केला जातो. अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि ६० जणांच्या यादीत माने आला, हे खरेच आहे. परंतु रिकामी जागा वाटेवरच्या माणसाला मिळत नाही. ती जागतिक क्रमवारीत पुढे असणाऱ्याला मिळते, आणि ती क्रमवारी वर्षानुवर्षांच्या स्पर्धांतून घडते. पहिल्या दिवशी ७६ फटके, दुसऱ्या दिवशी ६९, अखेर ५६वे स्थान. पहिल्या दिवसाच्या पडझडीनंतरचे ते ६९ विसरण्याजोगे नाहीत.

येथे खाशाबा जाधवांची आठवण अपरिहार्य ठरते. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले, १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले. त्या सहाव्या क्रमांकाला आज अर्थ आहे, कारण पुढची पायरी चढता आली. खाशाबांच्या मागे गावोगावच्या तालमी होत्या. मानेच्या मागे काय आहे?

धंदेवाईक गोल्फचा उगम क्लबच्या सभासदांत नव्हे, त्यांच्या चाकरांत आहे. १८६० मध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे पहिल्या ओपन स्पर्धेत उतरलेल्या आठ जणांचे पोट कॅडीगिरी, काठ्या-चेंडू बनवणे आणि मैदान राखणे यांवर चाले. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हाही दिल्लीचा कॅडीच. रिओ ऑलिंपिक खेळलेला चौरासिया कोलकात्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा मुलगा. दार मागचे होते, पण होते.

महाराष्ट्रात मुंबईचे क्लब आणि पुण्यासारख्या छावण्यांची शहरे यांपलीकडे हा खेळ फारसा गेलाच नाही. (मुंबईत गोल्फ क्लब १८४२ पासून आहे, म्हणजे ठाण्याला रेल्वे जाण्याच्या ११ वर्षे आधीपासून!) रायगडात सिडकोने खारघरच्या डोंगराखाली मैदान केले, सार्वजनिक संस्थेने उभारलेले म्हणून ते महत्त्वाचे. खालापूर-कर्जतमध्ये नवी अठरा-होली मैदाने हवीत, असे कोणी शहाणा म्हणणार नाही; इथे उन्हाळ्यात आदिवासी वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. पण चेंडू मारण्याच्या सरावाला हिरवळ लागत नाही, लांब मोकळी जागा पुरते. खालापूरच्या शाळकरी मुलाला खारघरला सवलतीच्या दरात आठवड्यातून एक दिवस मिळावा, एवढी मागणी सिडकोकडे करता येण्यासारखी आहे.