पावसात टिकते ती सेवा

गेल्या आषाढातील एका रविवारी मुकुंदवाडीतील एका वस्तीत जाण्याचा योग आला. गल्लीत घोट्यापर्यंत चिखल, पत्र्यांवर कोसळणारा पाऊस. आमचा साप्ताहिक संस्कारवर्ग ‘पावसामुळे’ सलग तीन आठवडे भरला नव्हता. तापाने अंथरूण धरलेल्या एका आजींची विचारपूस करायला गेलो, तर एका प्रार्थना मंडळाचा तरुण तेथे आधीच बसलेला होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात औषधाची पुडी. तो गेल्यावर आजी म्हणाल्या, “बाळा, तुमची माणसं चांगली हायेत. पण ऊन पडलं की येत्यात.” बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मांतराला आपला विरोध आहे आणि तो योग्यच आहे. दुखण्यातून उठवण्याच्या बदल्यात कोणाची श्रद्धा मागणे, हा सेवेचाच अवमान होय. परंतु आक्षेप घेणाऱ्याने समोरच्याचे कष्टही जाणून घ्यायला हवेत. मिशनऱ्यांचे हे चिखल तुडवणे आजचे नाही. आफ्रिकेतील पावसाळ्यात त्यांच्या पिढ्या हिवतापाने खचल्या, तरी त्यांच्या जागी नवे येत राहिले.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे उदाहरण पाहू. १८४१ साली लंडन मिशनरी सोसायटीतर्फे तो दक्षिण आफ्रिकेत उतरला. पुढे सोसायटी सोडूनही तो त्या खंडात फिरत राहिला. १८७३ च्या आरंभी तो आजच्या झांबियातील बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीत होता. तिकडे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असतो. नदी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, हेही कळत नाही. आजाराने पोखरलेल्या या माणसाला सहकाऱ्यांनी कधी खांद्यावरून, तर शेवटी डोलीतून नेले. मे महिन्याच्या प्रारंभी चितांबोच्या गावी त्याचे निधन झाले.

यापुढचा भाग महाराष्ट्राशी जोडलेला आहे. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना म्हणणारा आणि बुंध्यावर अक्षरे कोरणारा जेकब वेनराइट हा आफ्रिकी तरुण आपल्या नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकलेला होता. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटी तेथे शिक्षण देत असे. नाशिककरांच्या शरणपूर रस्त्याचे नाव त्याच वसाहतीवरून पडले आहे. चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी तो देह दीड हजारांहून अधिक किलोमीटर वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले. लिव्हिंग्स्टनचे नाव जगभर पोहोचले. त्याला वाहून आणणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

धर्मांतराच्या हिशेबात लिव्हिंग्स्टनची वही जवळजवळ कोरीच राहिली. सेचेले या एका टोळीप्रमुखाचेच नाव त्यात सांगितले जाते. त्याने दाखवलेल्या वाटांवरून पुढे युरोपीय साम्राज्यवाद आत शिरला, हेही विसरता येत नाही. मात्र गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उठवलेला आवाज वाया गेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, जून १८७३ मध्ये, झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला.

यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट सातत्याची. आपल्या परंपरेत चातुर्मासात संन्यासीही भ्रमण थांबवून एका जागी राहतो. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा चातुर्मास मात्र वस्तीतच व्हायला हवा, कारण ताप, जुलाब, गळते छत आणि बुडालेली मजुरी हे सारे याच चार महिन्यांत एकत्र येते. पाऊस लांबला तरी हाल सुटत नाहीत. २०१९ च्या जुलैत याच मुकुंदवाडीतील मुले रेल्वेने शहरात जाऊन पाणी भरून आणत होती.

दुसरी गोष्ट स्थानिक माणसांची. लिव्हिंग्स्टनचे काम अखेर त्याच भूमीतल्या माणसांनी तडीस नेले. आपल्या संभाजीनगरात १९८९ साली सुरू झालेल्या डॉ. हेडगेवार रुग्णालयाने सेवेचा मोठा वस्तुपाठ घालून दिला आहे. पण रुग्णालय वस्तीच्या प्रत्येक दारात पोहोचू शकत नाही. तेथे वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, एखादा रिक्षाचालक उभा राहिला पाहिजे. आपण ‘त्यांच्यासाठी’ जातो, ही भाषा संपली की समरसता सुरू होते.

परधर्मीयांवरील टीकेने आपली उणीव भरून निघत नाही. ज्या घरात आपण पावसात गेलो नाही, त्या घरातल्या माणसांनी कोणाचा हात धरावा, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या रविवारनंतर आमचा वर्ग पुन्हा भरू लागला. आजींचा ताप उतरला. मुले आली पाच, कार्यकर्ते दोघे. यंदाच्या आषाढात हा आकडा वाढला नाही तरी चालेल. तो शून्यावर येता कामा नये.