कापड एक, माप ज्याचे त्याचे

माझ्या लहानपणी दिवाळी जवळ आली की वडील बाजारातून कापडाचा एक तागा आणीत. त्यातूनच आम्हां भावांचे सदरे निघत आणि धाकटीचा परकरही. पण शिंपी ओटीवर येई, तो प्रत्येकाला पुढे उभे करून माप घेई. थोरल्याच्या मापाचा सदरा धाकट्याला चालत नसे.

ही आठवण यंदा झाली ती आमच्या माजघरातल्या दोन कागदांमुळे. रत्नागिरीच्या आमच्या घरी फराळाला येणारा प्रत्येकजण ते वाचतो आणि बुचकळ्यात पडतो. एक कागद माझा, एक हिचा. दोन्हींवर योगाचाच अभ्यास लिहिलेला आहे, पण शेवटची ओळ सोडली तर दोन्हींत काही म्हणता काही जुळत नाही.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी श्रावणात माझी कंबर धरली. शेजारच्या एका गृहस्थांची कंबर पश्चिमोत्तानासनाने मोकळी झाली होती. मग आपली का होऊ नये? मोबाईलवर चित्रफीत लावली आणि पाय पसरून गुडघ्याला नाक टेकवण्याच्या उद्योगाला लागलो. चौथ्या दिवशी कंबरेतून डाव्या पायात अशी कळ उतरली की गणपती मखरात आणि मी चटईवर! आरतीसुद्धा आडव्यानेच म्हटली. डॉक्टरांनी तपासले. मणक्यातली चकती सरकली होती, आणि अशा दुखण्यात पुढे वाकणे हे औषध नव्हे, अपथ्य होते. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, शेजाऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचता का कधी?"

माझी फजिती हसण्यावारी गेली. हिची गेली नसती. हिला आठ वर्षे रक्तदाबाचा विकार. सकाळचा प्राणायाम सुरू केल्यापासून तिला हलके वाटू लागले, म्हणून तिने गोळ्याच बंद केल्या. मला पत्ता नाही! नवरात्रात रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनाला गेलो, तिथे ती घेरी येऊन खाली बसली. दवाखान्यात रक्तदाब भरला १९० वर ११०. ती रात्र मी बाहेरच्या बाकावर काढली. पहाटे शुद्धीत नीट आल्यावर ही म्हणते, "अहो, योगाने बरं वाटत होतं, मग गोळी कशाला म्हटलं." रागवावे की देवाचे आभार मानावे, मला कळेना.

डॉक्टरांनी योग सोडायला सांगितले नाही. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि जाणत्या माणसाकडे जाण्यास बजावले. जाणते माणूस निघाले माझीच एक जुनी विद्यार्थिनी, लोणावळ्याला शिकून आलेली. पहिल्या दिवशी तिने एकही आसन शिकवले नाही. नुसते प्रश्न! "सर, झोप किती? कुठल्या कुशीवर? काकू, गोळी कोणती, किती वाजता घेता?" डॉक्टरांचे कागद तिने शब्दन् शब्द वाचले.

तिच्याकडूनच मला स्वामी कुवलयानंदांचा नाद लागला. मूळचे हे जगन्नाथ गणेश गुणे. गुरू परमहंस माधवदासांकडे योग शिकले, पण गुरूंनी सांगितले म्हणून मान डोलावून स्वस्थ बसले नाहीत. १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी योगक्रिया करणाऱ्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली. नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते! १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले, आणि आसनांत रक्तदाब किती चढतो-उतरतो तेही मोजून त्यात छापले. १९२७ साली गांधीजींची प्रकृती रक्तदाबाने ढासळली, तेव्हा आसनांविषयी त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालला होता. पुढे १९६३ साली डॉ. विनेकरांबरोबर त्यांनी योगचिकित्सेवर पुस्तकही लिहिले.

दुसरे नाव पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांचे. लहानपणी दुखण्यांनी पिचलेला हा मुलगा १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आला. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल, तर आसन शरीरापर्यंत आणावे, हा त्यांचा खाक्या. दोर, लाकडी ठोकळे, लोड, घडीच्या खुर्च्या यांच्या आधाराने त्यांनी म्हाताऱ्यांना आणि रोग्यांनाही आसने झेपतील अशी केली.

आता आमचे कागद. माझ्यावर आहे मकरासन, मग छाती वीतभरच उचलून भुजंगासन, आणि कळ पायात उतरली की तत्काळ थांबणे. पुढे वाकणे बंद. हिच्या कागदावर शीर्षासन, श्वास कोंडणे आणि जोरजोराचे भस्त्रिका-कपालभाती यांवर लाल काट! तिने खुर्चीत बसून सावकाश, लांब श्वास सोडायचा. अगदी वर ठळक अक्षरांत लिहिले आहे, "आधी गोळी." दोन्ही कागदांची शेवटची ओळ तेवढी एक: शवासन. त्यातही माझ्या गुडघ्यांखाली घोंगडीची घडी.

वर्षभराने काय झाले? माझी कंबर घागर उचलण्याजोगी नाही, पण यंदा गणपतीची आरती मी उभ्याने म्हटली. हिचा रक्तदाब ताब्यात आहे, झोपही बरी लागते. गोळ्या मात्र चालू आहेत. त्या कमी करायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील, मी नाही, ही नाही आणि शेजारचे गृहस्थ तर नाहीतच.

२०१५ पासून २१ जूनला जगभर योगदिन साजरा होतो. मैदानावर शेकडो माणसे एका ठेक्यात हात वर करतात, पाहून ऊर भरून येतो. धडधाकट माणसाला तो व्यायाम उत्तम. पण दुखणे घेऊन आलेल्याला मैदान पुरत नाही, त्याला शिंपी लागतो.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत रत्नागिरीस आलात तर फराळाला जरूर या. माजघरातले कागदही पाहा. चकलीची कृती हवी तर उतरवून न्या. आसनांची मात्र नको!