चार शब्दांची ढाल

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली बँकेच्या लिलावाची नोटीस आपण पाहिली असेल. सदनिकेचा क्रमांक, राखीव किंमत, बयाणा रक्कम आणि शेवटी ‘जसे आहे जेथे आहे’ या तत्त्वावर विक्री, असा शेरा. किंमत बाजारभावाहून कमी दिसते आणि भविष्यनिर्वाह निधीची पुंजी हाती आलेला निवृत्त गृहस्थ मोहात पडतो.

या चार शब्दांचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की पुढे जे निघेल ते घेणाऱ्याचे! सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा कर, आत ठाण मांडून बसलेला जुना कर्जदार. बँकेकडे पुष्कळदा केवळ प्रतीकात्मक ताबा असतो, हे अनेकांना रक्कम भरल्यावरच उमगते. वीजबिलाचेही तेच. मागील मालकाची थकबाकी भरल्याखेरीज जोडणी नाही, अशी अट वीज कंपनी आपल्या नियमांनुसार लिलावातील खरेदीदारास घालू शकते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. माघार घ्यावी, तर तीही महाग. 2002 च्या सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची. बाकीची मुदतीत न भरल्यास ती जप्त होते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जप्ती ग्राह्य धरली.

बँक त्या घरात कधी राहिली नाही. गळक्या छताची हमी तिच्याकडे मागणे अन्यायाचे होईल, हे मान्य. परंतु कर्ज देतेवेळी तिनेच वकिलाकडून मालकीहक्काचा शोध अहवाल घेतलेला असतो. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा ठाऊक असलेला छुपा दोष सांगण्याचे दायित्व विक्रेत्यावर टाकतो. सरफेसीचे नियमही ज्ञात बोजे नोटिशीत द्यावयास सांगतात. प्रत्यक्षात ‘आमच्या माहितीनुसार बोजा नाही’ असे छापून अधिकारी मोकळे! सोसायटीच्या सचिवाला एक पत्र धाडले असते, तर माहिती झाली नसती काय?

तो शोध अहवाल, थकबाकीचे दाखले आणि ताब्याची खरी स्थिती बोली लावणाऱ्यांसमोर ठेवणे बँकांवर बंधनकारक करावे. तोवर इच्छुकाने बयाणा भरण्यापूर्वी स्वतः जिना चढावा, शेजाऱ्याची कडी वाजवावी आणि सोसायटीच्या कार्यालयातून थकबाकीचा आकडा लेखी घ्यावा.