रत्नागिरीच्या बाईसू

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहावयास येणारे प्रवासी सज्जात उभे राहतात, वस्तुसंग्रहालयातून एक फेरी मारतात आणि परततात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा येथे नजरकैदेत होता आणि 1916 च्या डिसेंबरात येथेच वारला, एवढे त्यांच्या लक्षात राहते. त्या राजाची नात याच गावात लहानाची मोठी झाली, येथेच तिचा संसार झाला आणि 2000 साली, नव्वदी ओलांडल्यावर, येथेच तिने डोळे मिटले, हे पुष्कळांच्या कानावरही नसते.

टुटू हे त्यांचे ब्रह्मी नाव. गावात त्यांना बाईसू म्हणत. जन्म 1906 चा. आई थिबाची थोरली राजकन्या. वडील गोपाळ भाऊराव सावंत, राजाच्या पदरचे दरवान आणि आधीच विवाहित. या संबंधाने त्या घरात केवढे वादळ उठले असेल, ते वाचकांनीच कल्पावे.

जन्मास आल्या तेव्हा घरातील वैभव ओसरले होते. 1885 मध्ये मांडले पडले, त्या गडबडीत राजाने आपली रत्ने कर्नल स्लेडन यांच्या स्वाधीन केली. त्यांतच नगामौक नावाचे प्रख्यात माणिक होते. ठेव परत मिळाली नाही. राजाने अर्ज करूनही नाही. जवळ उरलेली रत्ने रत्नागिरीत एकेक करून विकली गेली आणि तरीही कर्ज झाले. ठेवीची पावती हाती नसणे म्हणजे काय, हे व्यापारी घरांस वेगळे सांगावयास नको.

1919 मध्ये राजकुटुंब ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र तेथे रमली नाही; ती रत्नागिरीस परत आली आणि 1947 मध्ये येथेच वारली. सरकारी तनखा माणसाच्या नावाने चालतो आणि त्याच्याबरोबरच मिटतो. मुलीच्या वाट्यास घराणे आले, मिळकत आली नाही.

टुटूंचा विवाह शंकरराव पवार यांच्याशी झाला. ते मेकॅनिक होते. घर साधे, मुले पुष्कळ, मिळकत बेताची. बाईंनी कागदाची फुले करून विकली. ज्या हातांना आजीच्या काळी दासींनी पाणी घातले असते, त्या हातांनी कात्री आणि खळ धरली. यात कोणी करुण कथा पाहील; परंतु पंक्तीस बसलेल्या मुलांना वेळेवर ताट मिळत होते की नाही, हाच तेथे प्रश्न होता, आणि तो त्या रोज सोडवीत होत्या. भाषा मराठी, सण मराठी, शेजार मराठी. नाकीडोळी तेवढ्या वेगळ्या दिसत. गावाला त्याचीही सवय झाली असावी.

मुले वाढली, नातवंडे आली, पणतवंडे आली. घराच्या मध्यभागी ही वृद्धा. एका राज्याचा अस्त आणि एका संसाराचा विस्तार, दोन्ही तिच्या एकाच आयुष्यात मावले.

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीस थिबाच्या समाधीवर येऊन गेले. मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, 2016 मध्ये, तेथील उपराष्ट्राध्यक्ष आणि सेनाप्रमुखही आले. बाईसूंना जाऊन तोवर सोळा वर्षे झाली होती.