न्याय मागणाऱ्यांनी न्याय द्यायलाही शिकावे!

सीमाबांधवांनो,

१७ जानेवारी हा आपला हुतात्मा दिन. १९५६ साली या दिवशी सीमाभागातील मराठी माणसाने पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. बरोबर साठ वर्षांनी, १७ जानेवारी २०१६ रोजी, हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने जीवन संपवले. तो आंबेडकर विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता. त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून बाहेर काढले होते. कुलगुरूंना त्याने पत्रही लिहिले होते. २०१९ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी हिने तोच शेवट पत्करला. छळाबद्दल आधी सांगूनही कोणी दखल घेतली नाही, असे तिच्या कुटुंबीयांचे म्हणणे आहे.

तेव्हापासून देशभरचे विद्यार्थी एकच प्रश्न विचारत आहेत. संस्थाप्रमुख काय करत होते?

हा प्रश्न आपल्या भागात विचारला, की आपलीच मंडळी म्हणतात, "आमच्याकडे जातपात कोण पाळतो? उगाच वाद उकरून मराठी माणसांत फूट पाडू नका."

बांधवांनो, हे शब्द ओळखीचे वाटत नाहीत का? मराठीतून कागदपत्रे मागायला गेलो, की आपल्यालाही हेच ऐकवले जाते! "इथे कुणावर अन्याय नाही, तुम्हीच वाद उकरता." आपल्याला जे उत्तर झोंबते, तेच उत्तर आपण आपल्या पोरांना कोणत्या तोंडाने देतो?

आम्ही बँकेतली माणसे. ग्राहकाच्या तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तो लोकपालाकडे जाऊ शकतो. पैशाच्या तक्रारीला मुदत आहे आणि माणसाच्या अपमानाची तक्रार प्राचार्यांच्या मर्जीवर, हा कुठला हिशेब?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या नियमांनुसार महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असलाच पाहिजे. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने आणलेल्या नव्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली, पण २०१२ चे नियम चालू ठेवले. तेव्हा स्थगितीची सबब चालणार नाही.

निपाणीकरांना तर हे सांगायची गरजच नसावी. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची प्रांतिक परिषद याच गावात भरली होती. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच मागासलेल्यांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या. हा वारसा फक्त जयंतीच्या फलकापुरता आहे काय?

आपल्या जुन्या घराण्यांतील अनेकजण शिक्षणसंस्थांच्या संचालक मंडळांवर आहेत. त्यांना आमचे रोखठोक सांगणे आहे. पुढच्या बैठकीत प्राचार्यांना तीन गोष्टी विचारा. कक्ष आहे का? अधिकाऱ्याचे नाव फलकावर लावले आहे का? वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या? उत्तर लेखी घ्या. "एकही तक्रार नाही" असे उत्तर आले, तर समाधान मानू नका. तक्रार करायला मुले घाबरतात का, तेही विचारा.

दिल्लीकडे न्याय मागणाऱ्या समाजाने आपल्या वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलाला न्याय नाकारला, तर हुतात्मा चौकात फुले वाहण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही!