एका मोटारीमागे दहा होड्या

कयाकमधून गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची समुद्रावरची एक रीत आहे. एका लहान मोटारबोटीत दोन-चार कयाक आडव्या टाकायच्या, किनाऱ्यापासून दूर खोल पाण्यात न्यायच्या, तिथे सोडायच्या, आणि बोट जवळपास थांबवून ठेवायची. हे आमच्याकडे सांगितलं की लोक खो-खो हसतात. म्हणे, वल्हवायची होडी मोटारीने नेणार, तर वल्हं काय कान कोरायला घेतलं?

हसा. पण त्या हौशी माणसाला जे कळतं, ते आमच्या मत्स्यखात्याला, पाटबंधारेवाल्यांना आणि धरणाच्या ठेकेदारांना अजून कळलेलं दिसत नाही. होडी लहान असावी, कारण तिला खर्च नाही, आवाज नाही आणि ती उथळ पाण्यात शिरते. पण लहान होडीने लांब जाऊ नये, कारण येताना वारा समोरून आला की माणसाच्या दंडातली ताकद संपते आणि पाणी संपत नाही.

नगर जिल्ह्यात समुद्र नाही. हा भूगोल मला कुणी शिकवू नये. भंडारदरा आहे, मुळा आहे, कर्जतच्या अंगाला उजनीचा फुगवटा आहे, आणि नेवासे-शेवगावला नाथसागर. जायकवाडीचं हे पाणी सुमारे 55 किलोमीटर लांब आणि रुंद जागी 27 किलोमीटर पसरतं. त्याला तळं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा; वारा सुटल्यावर ते स्वतःला काय समजतं, हे नेवाशाच्या काठावर उभं राहून बघा.

त्या पाण्यात आमचा मासेमार कशावर बसून जातो? थर्माकोलचे ठोकळे एकावर एक रचायचे, वरून जुन्या जाळ्याचा वेढा द्यायचा, नायलॉनच्या दोरीने आवळायचं, की झालं चप्पू. त्यावर मांडी घालून बसायचं आणि फळकुटाने पाणी मागे लोटायचं. ओलं जाळं वर ओढलं की चप्पूची एक कड पाण्याला टेकते. कटला-रोहू जास्त मिळाले तर आनंद करावा की घाबरावं, हा प्रश्न. गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची पोरं थर्माकोलवरून शाळेत जातात, अशी बातमी 2023 मध्ये आली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पोरांसाठी निदान न्यायालय तरी धावलं. पोरांच्या बापासाठी कोण धावणार? तो रोजच जातो, म्हणून ती बातमी नाही.

आणि मोटार म्हणजे देवाचा अंगारा, असंही मी म्हणत नाही. 21 मे 2024 ला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, एक पोलीस अधिकारी पोहून काठाला लागला. ती यांत्रिकच बोट होती. दोनच दिवसांनी आमच्या अकोले तालुक्यात, सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला आलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचेच तीन जवान गेले. तेव्हा नुसतं इंजिन बसवून फोटो काढणाऱ्यांनी जरा दम धरावा. जॅकेट अंगात हवं, मे महिन्यात दुपार कलायच्या आत परत फिरायला हवं, आणि बोट चालवणाऱ्याला पाणी वाचता यायला हवं.

एका मोटारबोटीमागे लहान होड्या नेण्याच्या या रीतीत खरी मेख आहे ती बोटीने थांबण्याच्या जागेची. होड्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडायच्या आणि मोटारबोटीने खालच्या अंगाला थांबायचं. मग दमलेला माणूस वाहत-वाहत तिच्याकडेच येतो. होड्या बोटीत उभ्या रचल्या तर वारा त्यांना शिडासारखा धरतो; म्हणून त्या सपाट ठेवायच्या, नाहीतर दोरीने मागे ओढत न्यायच्या, पण ओढताना त्यांत माणूस बसवायचा नाही. एवढंच शास्त्र. याला परदेश दौरा लागत नाही.

तसा तो नवा शोधही नाही. न्यूफाउंडलंडजवळच्या ग्रँड बँक्सवर पोर्तुगीज जहाजं डोरी नावाच्या होड्या एकात एक बसवून डेकवर रचून न्यायची. एका डोरीत एक माणूस, हातात कॉडचा गळ, आणि संध्याकाळी डोरीसकट जहाजावर परत. 1970 च्या दशकापर्यंत हे चाललं. फार निर्दय धंदा होता तो, माणसं धुक्यात हरवायची. तरी जहाज तिथे होतं.

आमच्याकडे अडचणींची यादी मात्र तयार. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे, मोटारीचा गोंगाट कसा चालेल? अहो, दहा जणांना दहा इंजिनं द्या असं कोण म्हणतंय? एक इंजिन, ठरलेली वाट आणि दहा मुक्या होड्या. पक्ष्यांना याहून चांगला सौदा कुठे मिळणार? डिझेल-पेट्रोल कोण भरणार? पर्यटकाला फेरी मारायला बोट हवी असली की जलक्रीडेच्या नावाने हाच खर्च विकास ठरतो. जो पाण्यावर पोट भरतो, त्याच्या वाट्याला आला की तो तोटा होतो.

मच्छीमार सोसायटी असो वा ठेकेदार, पाण्याचा हक्क घेतला की मासळी हक्काची होते. मग ती धरून आणणारा माणूस कोणाच्या जबाबदारीचा? ठेका देतानाच करारात एक ओळ घाला: अमुक चप्पूंमागे एक मोटारबोट, तिच्यात दोर, जादा जॅकेटं आणि एक हजेरीवही. काठावरच्या काट्यावर मासळीचं वजन किलो-किलोने लिहून घेता ना? त्याच पानावर सकाळी किती चप्पू गेले आणि संध्याकाळी किती परत आले, हा रकाना कुठे आहे?