फुलांचे तिकीट

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात माणशी १००-१५० रुपये प्रवेशशुल्क घेतले जाते आणि त्यावरून कुरकुरही होते. ‘फुले निसर्गाची, मग पैसे कसले?’ असे विचारणाऱ्यांत पुण्या-मुंबईहून स्वतःच्या मोटारीने आलेले, पेट्रोल आणि हॉटेलवर याच्या कितीतरी पट खर्च केलेले लोकही असतात. म्हणजे अडचण ऐपतीची नाही. निसर्ग राखण्यासाठी माणूस केव्हा पैसे मोजतो, याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ साठ वर्षांहून अधिक काळ करीत आहेत आणि तो कासच्या कामाचा आहे.

ज्याला बाजारभाव नाही त्याचे मोल ठरवायचे कसे? रॉबर्ट डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९६३च्या आपल्या प्रबंधासाठी मेन राज्यातल्या जंगलात येणाऱ्यांनाच विचारले, की खर्च वाढत गेला तरी इथे याल का? पद्धत रुळली, तशा शंकाही आल्या. कागदावर माणूस उदार असतो. पाकीट काढायची वेळ आली की आकडा आक्रसतो. १९८९मध्ये ‘एक्झॉन वाल्डीझ’ जहाजातले तेल अलास्काच्या समुद्रात सांडले आणि भरपाईच्या वादात ही पद्धत ऐरणीवर आली. तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या समितीने १९९३मध्ये तिला अटी घातल्या. ‘किती द्याल?’ असे मोघम विचारू नका, ठरावीक रक्कम सांगून होकार-नकार घ्या. इतर खर्चांची आठवण करून द्या. आणि पैशातून नेमके काय होणार ते आधी सांगा.

यातली शेवटची अट आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. तिकीट फाडले जाते, पण ते कशासाठी हे फाटकावर लिहिलेले नसते. खरे तर कासला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर, त्यात पोषणद्रव्ये तुटपुंजी. म्हणूनच ‘सीतेची आसवे’सारखी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. इथली बरीच फुलझाडे एका पावसाळ्यापुरती जगतात. बी धरण्याआधीच ती फोटोच्या नादात तुडवली गेली, तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? ओली माती पायाखाली दाबली जाते ती वेगळीच.

मात्र पैसा आला म्हणजे निसर्ग राखला गेला, असेही नाही. कासला संरक्षणासाठी जाळीचे कुंपण घातले गेले. गुरांचे चरणे थांबले, गवत माजले, बुटक्या फुलांची कोंडी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि अखेर कुंपण काढावे लागले. गुराख्यांना हे आधी विचारले असते तर बरे झाले असते! शुल्कातला काही वाटा दरवर्षी ठरावीक जागी फुलांची शास्त्रीय मोजदाद करण्यासाठी राखून ठेवायला हवा, तो यासाठीच.

शुल्क भरमसाट वाढवून गर्दी हटवावी, असेही सुचवले जाते. रवांडाने २०१७मध्ये गोरिला पाहण्याचा परवाना १५०० डॉलर केला आणि उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नाचा दहा टक्के वाटा आसपासच्या लोकांसाठी ठेवला. त्यातला वाटा आपण जरूर घ्यावा, दर नको. तिथे येतात ते बहुतेक परदेशी पाहुणे. इथे साताऱ्याच्या शाळेची सहलही येते. शिवाय जास्त पैसे मोजणाऱ्याचा पाय फुलावर हलका पडत नाही. गर्दीला उत्तर दिवसाला ३००० पर्यटकांच्या मर्यादेचे आहे आणि ती शनिवार-रविवारीही कसोशीने पाळली गेली पाहिजे.

फाटकावर उभे राहून पर्यटक आवरतात ती आसपासच्या गावांतली माणसे. त्यांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांना मिळणारा पैसा वाहनतळ आणि स्वच्छतागृहांतच संपतो की पठारापर्यंत पोचतो, हे पर्यटकांना आणि गावकऱ्यांनाही दिसायला हवे. पुढच्या हंगामाची ऑनलाइन नोंदणी सुरू होईल तेव्हा गेल्या हंगामाचा जमाखर्च त्याच पानावर आणि फाटकावरच्या फलकावर, मराठीत, मांडावा. त्याला फारसा खर्चही येणार नाही.